रिकामा फोल्डर

ज्या घड्याळजींनी उभे आयुष्य डोळ्याला भिंग लावून केसाहून बारीक स्प्रिंगा सरळ केल्या, त्यांचीच बोटे आज कीबोर्डवर चाचपडत होती. घरचा संगणक मंदावला म्हणून त्यांनी त्यावर लिनक्स ही नवी कार्यप्रणाली बसवली. तत्पूर्वी, व्यवसायाच्या शिस्तीनुसार, मौल्यवान भाग बाजूला काढून ठेवला: पत्नीच्या गाण्यांची डिस्क. बाई गायन शिकवीत. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरली ती केवळ कुजबुज. त्यांचा स्वर आता त्या डिस्कखेरीज त्रिभुवनात कोठेही नव्हता.

डिस्क पुन्हा जोडली. लिनक्सच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तिच्यासाठी ‘आवाज’ नावाचा फोल्डर केला, उघडला. रिकामा! त्यांनी संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्या भाचीला फोन लावला.

“मामा, फॉरमॅट-बिरमॅट नाही ना केलंत?”

“नाही गं. म्हणजे... नसावं केलं.”

“डिस्कांची यादी काढा. दुसरी दिसते?”

“दिसते. पण फोल्डर कोरा करकरीत!”

“अहो, तुम्ही नुसती घड्याळाची रिकामी केस उघडून बघताय. आत मशीन बसवलंय कुठे? डिस्क त्या फोल्डरमध्ये माउंट करावी, म्हणजे बसवावी लागते. सांगते ती आज्ञा लिहा.”

त्यांनी लिहिली. यंत्राने पासवर्ड मागितला.

“अगं, आता कीबोर्डही गेला! एक अक्षर उमटेना.”

“पासवर्ड उमटतच नसतो, मामा. न बघता लिहा नि एंटर मारा.”

तोच दारातून कुजबुज आली, “काय शोधताय हो?”

“काही नाही.”

“काही नाही, तर एवढा घाम कशाला?”

घड्याळजींनी एंटर दाबले. पडदा स्तब्ध. ना होकार, ना नकार.

“काहीच बोलत नाही गं हे,” ते फोनवर म्हणाले. गप्प घड्याळ म्हणजे बंद पडलेले घड्याळ, एवढेच ते जन्मभर जाणत आले होते.

“मग झालं काम! ते बिनसलं तरच बोलतं. उघडा फोल्डर.”

त्यांनी उघडला. गाणी ओळीने उभी होती. पहिल्यावर बोट ठेवण्याचा मात्र त्यांना धीर होईना. बाईंनीच पुढे होऊन ते लावले. आधी एक खाकरणे, मग तो भरदार, निर्मळ स्वर खोलीभर पसरला.

बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. शेवटी कुजबुजल्या, “वरचा सूर जरा चढलाच होता. पुन्हा लावा बघू.”