शिकवलं सासूला, बाळंतपण मात्र माहेरी

मैत्रिणींनो, तिगावहून आली तेव्हापासून मन कशातच लागून नाही राहिलं.

मी सौंसरची नर्स. माझ्या एका पेशंटला स्किझोफ्रेनिया आहे. गरोदरपणात तिच्या गोळ्या कशा सांभाळायच्या, हे मी तिच्या सासूला शिकवलं. सासूनं एकही गोळी चुकू दिली नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही!

आज तिच्या माहेरी, तिगावले गेली, तर तिची आई म्हणाली, "दुधातून लेकराले लागतीन न बाई, म्हणून बंद केल्या." मग तिला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले. घाबरून घरच्यांनी बाळ वहिनीजवळ ठेवलं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. निघताना ती दारात आली. "सिस्टर, बाळाले दुरून पाहिलं तर चालते का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?