पर्ल मध्येच का बसायची

“ती इंडियन मुलगी आहे ना, तिला पर्ल दे. त्यांना उंटांची सवय असते.”

मी गाडीमागे वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते, म्हणून बोलणाऱ्यांना मी दिसत नव्हते. मला गाडीखालून त्यांचे बूट तेवढे दिसत होते. नवेकोरे बूट डेल नावाच्या गृहस्थांचे. ते ओक्लाहोमाहून बायकोबरोबर आले होते आणि कधीकाळी आठवडाभर जयपूरला राहिले होते. झिजलेले बूट बेव्हचे. बेव्ह आमची वाटाडी, साठीची बाई, पाठीवर पांढरी वेणी.

“बरं,” बेव्ह म्हणाली.

त्याच वेळी उभे राहून “अहो, मी नागपूरची. आमच्याकडे संत्री असतात” एवढे सांगायला हवे होते. मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

माझे सगळे शिक्षण इंग्रजी शाळेत झाले. त्याचा फायदा एवढाच की मला दोन्ही भाषांत गप्प बसता येते. ह्यूस्टनला मी एम.एस. करते आणि सुटीत शुगर लँडला मावशीकडे जाते. उंटावरून दोन दिवस वाळवंटात फिरायला चालले आहे हे तिला सांगितले, तेव्हा ती तव्यावरची पोळी विसरली.

“एकटी? आणि उंटावरून? अगं, उंटच बघायचा तर इथे झू आहे!”

“मॉम, शी इज ट्वेंटी-फोर,” अनिका फोनमधून डोके न काढता म्हणाली. ही माझी मावसबहीण.

“असेल चोवीसची. पण हॉटेलात दुसऱ्याची डिश समोर आली तर मुकाट्याने तीच खाऊन येते ती. तिकडे उंटाला काय सांगणार?”

मी बॅग उचलली आणि निघाले. मावशीने दशम्या, लसणाची चटणी, लाडू असे सगळे डिकीत कोंबले आणि “हुश्श!” करून डिकी लावली.

शुगर लँडची हवा ओल्या टॉवेलसारखी असते. पश्चिमेकडे दिवसभर गाडी चालवत गेले तसतसा तो टॉवेल वाळत गेला. झाडे आधी बुटकी झाली, मग काटेरी, मग अधूनमधून. रस्त्याकडेला मेस्कीट दिसू लागले तेव्हा ओळखीचे कुणीतरी भेटल्यासारखे वाटले, कारण ते आपल्याकडच्या वेड्या बाभळीचेच भावंड. एका छोट्या गावात मोटेलवर मुक्काम केला आणि सकाळी बेव्हच्या रँचवर (गुरांच्या विस्तीर्ण वाडीवर) येऊन बुटांच्या नाड्या बांधायला बसले.

बेव्हने यादीतले माझे नाव वाचायचा प्रयत्न केला. मृण्मयी. तिने ओठ दोनदा हलवले, आकाशाकडे पाहिले आणि म्हणाली, “एम.” दोन दिवस मी एम होते.

चार उंट आधीच बसवून ठेवले होते. पुढे जॉर्ज, त्यावर बेव्ह. मग डेल, मग त्यांची बायको जॉयस. मनातल्या मनात मी त्यांना डेलकाका आणि जॉयसकाकू म्हणत होते. नाहीतर मावशीला कळले असते. सगळ्यात मागे पर्ल आणि मी. पर्लच्या पापण्या एखाद्या नवरीसारख्या होत्या आणि खालचा ओठ नाराज वरमाईसारखा. तिचा कासरा जॉयसकाकूंच्या खोगिराला बारीक सुतळीने जोडला होता. मागचा उंट बसला तर पुढच्याला हिसका न बसता सुतळीच तुटावी, ही त्यातली युक्ती.

उंट उठताना आधी मागून उठतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. मी पर्लच्या मानेवर आडवी झाले.

“जुनी सवय परत येते बघ,” डेलकाका कौतुकाने म्हणाले.

डोंगर दूरवर निळे, जमीन भाजलेल्या रव्याच्या रंगाची. ओकोतियो (फोकांचे उंच काटेरी झुडूप) टोकाला लाल फुलांचे तुरे घेऊन उभे होते. उंटावरून हे फार छान दिसते असे म्हणतात. मी पहिला तासभर फक्त पर्लचे कान पाहिले.

पुढे अरोयो (कोरडा ओढा) लागला. उतार असा की मी मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागून घेतली. पर्ल डुलत डुलत उतरली, पायांखाली सपाट वाळू आली आणि मी म्हणाले, “हुश्श!”

पर्ल बसली.

आधी पुढचे गुडघे, मग मागचे. सुतळी तटकन तुटली. बेव्ह उतरून मागे आली, तिने पर्लचे चारही तळवे उचलून पाहिले, काटा सापडला नाही. पर्लला उठवले, सुतळी बांधली. पलीकडचा चढ संपला, मी सुटकेचा श्वास टाकला, पर्ल पुन्हा बसली.

“हिला झालंय काय?” बेव्ह म्हणाली.

मी खांदे उडवले. खरोखरच माहीत नव्हते.

कळले ते जेवणाच्या वेळी. मेस्कीटच्या तुटपुंज्या सावलीत बेव्ह जॉर्जच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, “हूश!” जॉर्ज बसला. “हूश!” डेलकाकांचा उंट बसला.

“इथले बाकीचे कूश म्हणतात,” ती टॉर्टियाच्या (मक्याच्या पोळीच्या) गुंडाळ्या वाटत म्हणाली. “मी उंट शिकले ऑस्ट्रेलियात. माझे उंट हूश म्हटल्यावर बसतात.”

माझा घास तोंडातच राहिला. शुगर लँडच्या त्या घरात सोफ्यावर बसताना, पिशव्या ठेवताना, पाहुणे गेल्यावर, सगळे हेच म्हणतात. अख्खे घर उंटांना शिकवायला तयार होते आणि कुणालाच पत्ता नव्हता.

सांगायला हवे होते. पण तेवढ्यात डेलकाकांनी जयपूरचा किल्ला काढला.

दुपारभर मी तोंड घट्ट मिटून बसले. ते किती अवघड आहे हे उतारावरून सुखरूप खाली आलेल्या माणसालाच विचारा. वाऱ्यावर क्रिओसोटचा (एका तेलकट पानांच्या झुडपाचा) पावसासारखा वास येत होता आणि डेलकाका मान मागे वळवून ओरडत होते.

“एम! तुमच्या घरी किती उंट होते?”

मी हसले.

“इतके?” ते म्हणाले. “आणि लग्न? ते आईवडीलच ठरवणार ना तुझं? मुलगा बघितलाय का त्यांनी?”

मी पुढे झुकले. पर्लचा कान हलला. मी त्यात अगदी हळू म्हणाले, “हुश्श.”

तटकन सुतळी. डेलकाका त्यांच्या प्रश्नासकट पुढे निघून गेले.

चटक लागायला वेळ लागत नाही. एकदा निवडुंगाच्या फुलाचा फोटो हवा होता, हुश्श. एकदा डेलकाका भारतीय जेवण आणि त्यांचे पोट या विषयाकडे वळले, हुश्श. दर वेळी बेव्ह उतरायची, तळवे तपासायची, सुतळी बांधायची, तिच्या कपाळावरची आठी खोल होत जायची. मी ती आठी पाहत होते आणि तरी मजा येत होती.

संध्याकाळी शेकोटीपाशी मी दशम्यांचा डबा फिरवला. चटणी खाऊन डेलकाका डोळे पुसत असताना जॉयसकाकू माझ्याशेजारी सरकल्या.

“ते तू पर्लच्या कानात म्हणतेस ना,” त्या कुजबुजल्या, “ते डेलच्या उंटावर चालेल का गं?”

मी लाल झाले. त्यांनी दुसरी दशमी घेतली.

सकाळी कॉफी पिताना बेव्हने सांगून टाकले. पर्ल तिच्याकडे पारखायला म्हणून आली होती. त्याआधी ती एका जत्रेत होती. पत्र्याच्या छपराखाली मुलांना पाठीवर घेऊन दिवसभर गोल गोल फिरायची.

“मला वाटलं होतं ही लांबच्या वाटेची आहे,” बेव्ह म्हणाली. “पण वाटेत मध्येच बसणारा उंट धोक्याचा. एखाद्या कड्यावर बसली तर? आज तिचा मालक ट्रेलर घेऊन येतोय.”

जॉयसकाकूंनी माझ्याकडे पाहिले. मी कॉफीत पाहिले.

परतीच्या वाटेवर पर्ल आदर्श चालली. उतारावर नाही बसली, चढावर नाही. एकदा एक ससा पायांतून गेला तरी नाही. मी मनात वाक्य तयार करत होते. “एक्स्क्यूज मी, बेव्ह.” मग पुढचे. मग पुन्हा पहिल्यापासून. हॉटेलात दुसऱ्याची डिश खाताना निदान माझेच पोट बिघडते. इथे माझ्या गप्प बसण्याची शिक्षा पर्लला होणार होती, आणि ती बिचारी कान हलवून वाट पाहत होती की मी काही म्हणते का.

“आता शहाणी झालीस होय?” रँचवर उतरल्यावर बेव्ह तिचा गळा थोपटत म्हणाली. “उशीर केलास, बाई.”

ट्रेलर मागचे दार उघडून अंगणाच्या टोकाला उभा होता. मालकाने पर्लचा कासरा घेतला आणि तो चालू लागला. ती जाता जाता एकदा मागे वळली, नाराज वरमाईसारखीच.

“ती नाही बसत,” मी म्हणाले. आवाज उंदरासारखा निघाला. “मी बसवते.”

“काय?” बेव्ह म्हणाली.

“आमच्याकडे एक शब्द आहे. दमल्यावर, सुटल्यावर म्हणतात. सगळे म्हणतात. पहिल्यांदा चुकून झालं. नंतर... नंतर नाही चुकून.”

“राजस्थानी शब्द आहे!” डेलकाका आनंदाने म्हणाले.

“मराठी आहे,” मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. “मी महाराष्ट्रातली आहे. आमच्याकडे उंट नव्हते, एक स्कूटर होती. आणि माझ्या लग्नाचं माझं मी बघेन, काका.”

जॉयसकाकूंनी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

बेव्हने कमरेवर हात ठेवले. माझ्याकडे, ट्रेलरकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिले. “म्हणून दाखव.”

“इथून? तिला ऐकू नाही जाणार.”

“मग जाईल असं म्हण.”

पर्लचे पुढचे पाय ट्रेलरच्या उतरत्या फळीवर चढले होते.

त्यानंतरचे आधी सांगून टाकते. पर्ल तिथेच, अर्धी फळीवर अर्धी खाली, बसली आणि मालकाचे काही चालेना. जॉर्ज बसला. बाकीचे दोघे बसले. डेलकाका कशाला तरी टेकून उभे होते, तो त्यांचाच उंट निघाला. बेव्ह इतकी हसली की वेणी सुटली. मग तिने ट्रेलर रिकामा परत पाठवला आणि मला बजावले की पुढच्या वेळी येशील तेव्हा तोंडाला रुमाल बांधून ये. मावशीला हे सगळे सांगितले तर म्हणते, “बाई गं, आणि मी समजत होते तुला आवाजच नाही.” आता सोफ्यावर बसताना तिला हसू येते आणि शब्द अर्धाच निघतो.

पण त्या क्षणी यातले काहीच झाले नव्हते. उन्हात अंगण पांढरे पडले होते, अनोळखी माणसे माझ्याकडे पाहत होती, फळी करकरत होती. मी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असे, घसा ताणून ओरडले,

“हुश्श!”