उसाच्या रसावर ढकललेली कावीळ

डॉ. कुमुदताईंची आणि माझी ओळख माझ्या इंग्रजीमुळे झाली. पालिकेच्या आरोग्य खात्यात त्या साथींचं काम बघायच्या. दवाखान्यांतून दर आठवड्याला फॅक्सने येणाऱ्या ताप, जुलाब, काविळीच्या तक्रारी एकत्र करून अहवाल लिहिणं हे माझं काम. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेली माझी वाक्यं वाचून ताई म्हणाल्या, "फार सभ्य लिहिता हो तुम्ही. पण यात आजारी माणूस कुठंय?" दुपारी त्यांनीच डब्यातली मेथी माझ्या पोळीवर वाढली.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शांती नगरच्या एकाच गल्लीतून काविळीचे रुग्ण वाढू लागले. ताईंनी आधी संशय आमच्यावरच घेतला. कुणाला दोनदा मोजलं का? नवा दवाखाना जोडला गेला का? तसं काही नव्हतं. वाढ खरी होती.

खात्यातले आमचे वरिष्ठ म्हणाले, "सीझनल आहे. लोक उसाचा रस पितात." रसवाल्याची गाडी उचलून नेली. रुग्ण वाढतच राहिले.

मग ताई मला घेऊन घरोघरी फिरल्या. चौथ्या मजल्यावर नसीम भेटली. गरोदर, डोळे पिवळेजर्द. ताईंनी विचारलं, "बेटी, गन्ने का रस पिया था?"

तिची सासू उसळली, "डॉक्टर ने बेडरेस्ट बोला है, मॅडम! कब से नीचे नहीं उतरी. रस क्या उड़ के आएगा?"

ताई जिन्यातच थांबल्या. "म्हणजे ही फक्त घरातलं पाणी पितेय." गरोदरपणी कावीळ जिवावर बेतू शकते. नसीमला इस्पितळात पाठवून त्या तडक वरिष्ठांकडे गेल्या. वरिष्ठांनी चहा मागवला.

"कुठल्या नळाचा?" ताईंनी विचारलं. "शांती नगरचा असेल तर आधी तुम्ही घ्या."

"मॅडम, एका बाईवरून लाइन बंद करू?"

"एकीवरूनच करा. दुसरीची वाट कशाला बघताय?"

तरी त्यांनी वाट पाहिलीच. अखेर खोदलं, तेव्हा गटारातून गेलेली पाण्याची लाइन फुटलेली निघाली. नसीम वाचली. तिचं बाळ वाचलं नाही.

रसवाल्याची गाडी ताईंनी भांडून सोडवली. नसीमकडे त्या अजून जातात, दारातूनच तिला हाक मारतात.

आज ते वरिष्ठ ताईंच्या सत्कार समितीवर आहेत. ताईंच्या गौरवग्रंथासाठी मी लिहिलेल्या या प्रसंगाला त्यांनी शीर्षक सुचवलं: 'वेळीच रोखलेली साथ'. वेळीच? कुणाच्या वेळेत? मी ते खोडलं. आनंदाच्या ग्रंथात बाळाचा उल्लेख नको, असंही त्यांनी सुचवलं. तो मी ठेवलाय.

ताई आता साठ वर्षांच्या होताहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं मी अगदी मनापासून लिहिते. त्या बाळालाही ते मिळायला हवं होतं.