गेटपाशी बोलणाऱ्या काकू

जुनी घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा माझा धंदा. नाशिकरोडचं एक घर रंगवून तयार झालं, तेव्हा एक काकू एकट्याच बघायला आल्या. घरात त्या प्रत्येक खोलीला नुसतं "छान" म्हणायच्या. काही खटकलं की मला खुणेनं बाहेर गेटपाशी न्यायच्या आणि हळूच सांगायच्या, "मोरीच्या भिंतीला ओल आहे." मग पदर सारखा करून पुन्हा आत. दोन-तीनदा असं झाल्यावर मला हसू आलं.

"काकू, आतच सांगा की. घर काय ऐकतंय?"

"वास्तू तथास्तु म्हणते, दादा. आम्ही इथं भाड्यानं राहायचो. एकदा भांडणात मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून यांना म्हटलं, जाताय तर परत येऊ नका. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर गेले, ते परत आलेच नाहीत."

मी त्यांच्यासाठी गेट उघडलं.

"घर घ्यायचं नाही मला," त्या म्हणाल्या. "जुना ओटा कुठं होता, तेवढं दाखवा."

तो मीच फोडून तिथं फ्रिजची जागा केली होती. मी दाराबाहेरूनच बोट दाखवलं. त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच घरात मोठ्यानं बोलल्या, "इथली माणसं संध्याकाळी घरी येऊ देत."

मी उंबऱ्याबाहेरच थिजलो. सकाळी त्याच कोपऱ्यात उभा राहून मी फोनवर आईला म्हणालो होतो, "माझी वाट बघू नकोस."