पॅसेजच्या टोकाची खोली

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली, शवागाराच्या कॉरिडॉरमधून जेवणाचा डबा घेऊन एकटी गेलेय. या सदरातले अनुभव वाचून माझी करमणूकच व्हायची... आणि आज मीच लिहायला बसलेय. हसायचं असेल तर हसा. मीही हसलेच असते.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. दोन हजार सालच्या आसपास मी आणि माझा नवरा इनास, दोघंही कतारला, दोह्यात नोकरीला होतो. मी लॅबमध्ये, तो एका कॉन्ट्रॅक्टरकडे ड्राफ्ट्समन. सासरे वारले आणि गावी सासूबाई एकट्या पडल्या. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले, इनास एकुलता एक. त्यांना आमच्याकडे आणायचं हे ठरलेलंच होतं. पण आम्ही दोघं ड्युटीवर गेल्यावर नजर गेलेली बाई दुपारभर परक्या घरात एकटी राहणार कशी, याचा घोर लागला होता.

म्हणून घर शोधायचं ते त्यांच्या पायांना सोपं. इनासने त्या शोधात माझा जीव काढला. खिशात मेजरिंग टेप, कानावर पेन्सिल. दलाल फोनवर ‘टू बेडरूम, हॉल’ म्हणाला की मी हुरळून जायची. मदिनत खलीफा भागात एक मिळालं, तर तो व्हिलाचा तुकडा निघाला – मालकाने मध्ये पार्टिशन घालून तीन कुटुंबांना भाड्याने दिलेला. एका बेडरूममधून दुसऱ्या बेडरूममध्ये जायचं, आणि मध्ये पायरी. इनास म्हणाला, “खलास! आई पहिल्याच दिवशी पडणार.” दुसऱ्या ठिकाणी हॉल एवढा मोठा, की माझे मनातल्या मनात सोफे लावूनसुद्धा झाले. तो हॉल नव्हताच, मजलिस होती. बाहेरच्या पाहुण्यांसाठी दारालगत वेगळी काढलेली, आणि राहायचं घर दोन वळणं घेऊन मागे.

“अरे, पण जागा केवढी आहे!” मी म्हटलं.

“स्क्वेअर फूट काय चाटायचेत? आईचा हात भिंतीवरून न सुटता बाथरूमपर्यंत गेला पाहिजे.”

शेवटी फरीज बिन ओमरानमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. दारातून सरळ लांब पॅसेज. डाव्या हाताला हॉल आणि किचन, उजव्या हाताला बाथरूम आणि दोन बेडरूम. टोकाला कोरी भिंत. त्या भिंतीपलीकडे काहीही नाही, चार मजले खाली शेजारच्या बिल्डिंगचं पार्किंग. ही गोष्ट लक्षात ठेवा.

सासूबाई आल्या. लाल लुगडं, हातात लाकडी मण्यांची रोझरी. इनासने त्यांचा हात धरून घर शिकवलं, लहान मुलाला अक्षरं गिरवायला शिकवावं तसं. त्याही हुशार, लवकरच चहा करून प्यायला लागल्या. मग एकदा जेवताना म्हणाल्या (आई घरात सामवेदी बोलायच्या, मी साध्या मराठीत लिहितेय), “फ्लोरी, ती शेवटची खोली कुणाला दिलीय?”

“कुठली शेवटची, आई?”

“पॅसेज संपतो तिथली. लादी थंडगार आहे. धुपाचा वास येतो.”

“आई, तिथे भिंत आहे,” इनास म्हणाला.

“तुम्ही असलात की असते.” आणि त्या शांतपणे जेवत राहिल्या.

मी इनासकडे पाहिलं. दोघांच्याही मनात तेच आलं होतं... आईचं डोकं भरकटायला लागलं असेल, तर तिला एकटीला ठेवता येणार नाही. मग काय करायचं? एकाने नोकरी सोडायची, की तिला गावी परक्यांच्या हवाली करायचं? त्या रात्री इनास नीट जेवलाही नाही.

पुढे मी हळूहळू विचारत गेले. त्या खोलीत कोण असतं, आई? एक बाई बसलेली असते म्हणाल्या. बोलत नाही. श्वास ऐकू येतो. “मी गेले की ती सरकून मला जागा देते. आम्ही बसतो. मी रोझरी म्हणते.” मग म्हणाल्या, “तुम्ही माझी काळजी करू नका गं. मला सोबत आहे.” सासरे गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि भीतीही वाटली.

मग तो जून महिन्यातला दिवस. लॅबचं मशीन बंद पडलं म्हणून मी भरदुपारी घरी आले. दार उघडलं, हाक मारली. उत्तर नाही. सासूबाईंच्या चपला दारातच. हॉल पाहिला, किचन, बाथरूम, दोन्ही बेडरूम, पलंगाखाली, कपाटात. बाल्कनीची कडी आतून लावलेली. इनासला फोन करायला हॉलमध्ये आले, रिसीव्हर उचलला... आणि पॅसेजमध्ये पावलं वाजली. टोकाकडून. उजवा हात भिंतीवर ठेवून सासूबाई चालत येत होत्या.

“कोण, फ्लोरी? लवकर आलीस?”

मी त्यांना मिठी मारली. बाहेर आग ओकणारं ऊन, पॅसेजमध्ये एसी नाही, आणि त्यांचं लुगडं थंड लागत होतं. केसांना बखूरचा, त्या अरबी धुपाचा वास. आमच्या घरात बखूर कधीच जाळला नव्हता.

संध्याकाळी इनासने टेप काढली. सगळं घर आतून मोजलं, गच्चीवर जाऊन बाहेरून मोजलं, कागदावर प्लॅन काढला. मला वाटत होतं, निदान मापात काहीतरी फरक निघावा. पण सगळं चोख जुळलं.

आम्ही त्यांना परत पाठवलं नाही. दुसरा मार्गही नव्हता. दोन वर्षं त्या तशाच, आनंदात राहिल्या. मग एक दिवस इनास घरी आला तर आई पॅसेजच्या टोकाला भिंतीला पाठ टेकून बसलेली. गेलेली. हार्ट, डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा इनास त्यांच्या पायाशी बसला होता. पॅसेज रिकामा, मोकळा, तरी त्या अंग चोरून एका कडेला बसल्या होत्या. शेजारी कुणाला जागा द्यावी तशा. रोझरी हातात. ती तशीच त्यांच्याबरोबर वसईला नेऊन पुरली.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. पण काचबिंदू आईकडून मुलाकडे येऊ शकतो. आम्ही वसईला परतलो, फ्लॅट घेतला, आणि इनासची नजर कमी होत होत गेल्या वर्षी पूर्ण गेली. ज्याने आयुष्यभर रेघा मारल्या, तो आता भिंतीला हात लावून चालतो. आमच्या या घराला पॅसेज असा नाहीच, किचन आणि बाथरूममध्ये चार पावलांची बोळ आहे, बस.

मागच्या महिन्यात मी मासळी घेऊन आले, तर इनास खुर्चीत बसलेला. चेहरा कसातरीच झालेला.

“फ्लोरी, किचनच्या पुढे खोली आहे.”

मी त्याचा हात धरून त्याला तिथे नेलं, भिंतीवर ठेवला. “बघ. भिंत आहे.”

“हो. आता तू आहेस ना.” मग अगदी हळू म्हणाला, “आत दोघी आहेत गं. एक सरकली. दुसरीच्या हातात मणी वाजत होते.”

मी त्याच्या हाताचा वास घेतला. काय वास आला ते लिहीत नाही.

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, माझ्याकडे नाही. मला एवढंच कळलंय, की मी घरात असले की भिंत भिंतच राहते. म्हणून मी बाहेर जाणं जवळजवळ सोडलंय. मासळीवालीला दारावर बोलावते, औषधं फोन करून मागवते, चर्चमधली रविवारची मिस्सासुद्धा टीव्हीवर ऐकते.

आणि हल्ली रोज दुपारी जेवण झालं, की इनास खुर्चीतून विचारतो, “तुला आज बाजारात नाही का जायचं?”