वहीत न लिहिलेला आवाज

जामसंड्यात कॉम्प्युटर बिघडला की लोक अजूनही एजाजकडेच येतात, पण मशीन टेबलावर ठेवताना एकदा तरी म्हणतात, "बघ हां रे, दुर्गाकाकीसारखा करू नको." एजाज मान हलवतो आणि स्क्रू काढायला लागतो. दुर्गाकाकींच्या मेलेल्या मुलाचा आवाज त्याच्या हातून पुसला गेला, एवढं गावाला ठाऊक आहे. ते खरंच आहे. बाकीचं गावाला ठाऊक नाही आणि एजाजच्या तोंडून ते कधी निघायचंही नाही.

एजाज हा फकरुद्दीन तांडेलाचा मुलगा. बाप उभा जन्म होडीवर, आणि या पठ्ठ्याने होडीत पाय टाकला की पोटातलं सगळं बाहेर. फकरुद्दीनने तीन मोसम वाट पाहिली. मग म्हणाला, "ह्याका जमिनीवरच ठेवूक व्होया," आणि त्याला कोल्हापूरला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायला पाठवलं. तिथून परत आल्यावर एजाजने जामसंड्याच्या रस्त्यावर एक गाळा घेतला, त्याला आता अठरा वर्षं झाली. या किनाऱ्यावर कॉम्प्युटर नुसता ठेवला तरी म्हातारा होतो. खारी हवा स्क्रू खाते, पंख्यावर चिकट धूळ बसते, आणि पावसाळ्यात मुंग्या अंडी घेऊन थेट आत राहायला येतात. एजाज आधी रंगाच्या ब्रशने सगळं झाडून काढतो. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची पिवळी टोकं शाळेच्या खोडरबराने घासतो. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावतो. मग मशीन चालू करून, सुरू होताना उगाच मागे लागणारे प्रोग्राम एकेक करून बंद करतो. निम्मी मशिनं एवढ्यावरच पळायला लागतात. जी पळत नाहीत त्यांची डिस्क बदलायची आणि विंडोज नव्याने टाकायचं.

आणि त्याची एक वही आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका बाईंच्या नातवाच्या बारशाचे फोटो त्याच्या हातून गेले होते. त्या बाई दुकानात बसून रडल्या, ते त्याच्या जिवाला लागलं. तेव्हापासून मशीन उघडण्याआधी तो वही पुढे करतो. आतलं काय काय ठेवायचं ते मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. लोक चेष्टा करायचे, कॉम्प्युटर देतोय की जमीन विकतोय म्हणून. एजाज हसायचा, पण सही घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. त्या वहीचा त्याला फार अभिमान होता.

दत्तप्रसादकाकांचा फोन आला तो सोमवारी. काका ओरोसला कचेरीत अव्वल कारकून होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. "कॉम्प्युटर अगदीच मंद झालो रे. चालू होवक बारा मिनिटा लागतत. ये नि घेवन जा." एजाज गेला तेव्हा घरात काका एकटेच होते. दुर्गाकाकी बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस सावंतवाडीला गेल्या होत्या. एजाजने सीपीयूच्या वायरी काढल्या, स्पीकर तिथेच टेबलावर ठेवले आणि वही पुढे केली. काकांनी चष्मा लावला आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: फोटो, विजेची बिले, पेन्शनचे कागद.

"बाकी?" एजाजने विचारलं.

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि परत काढलं. मग त्यांनी खाली लिहिलं, बाकी काही नको, आणि सही केली.

त्या मशीनमध्ये काय होतं, ते एजाजला कुठून ठाऊक असणार? ते मशीन काकांच्या मुलाने, पुष्करने, कॉलेजात असताना घेतलं होतं. पुष्कर होता तोवर त्याची सगळी उठाठेव तोच करायचा. पुण्याला नोकरीला जाताना त्याने एक गंमत करून ठेवली होती. विंडोज सुरू होताना जी धून वाजते, तिच्या जागी त्याने स्वतःचा आवाज भरला होता. "आये गो, चाय घेतलंस काय नाय?" एवढंच. मागे कुकरची अर्धी शिट्टी ऐकू यायची. तीन वर्षांपूर्वी पुष्कर गावी येताना हायवेवर टँकरखाली गेला. त्याचा फोनही त्याच्याबरोबर चिरडला. काकींकडे बटणांचा फोन, त्यात कसलं रेकॉर्डिंग! चुलतबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो दिसतो, पण सगळा वेळ बँड वाजतोय. मुलाचा आवाज म्हणून काकींकडे उरलं होतं ते हेच एक वाक्य.

इकडे दुकानात एजाजने कॅबिनेट उघडलं. आत गंज होता, मुंग्या होत्या, आणि डिस्क कुरकुरत होती. त्याने एसएसडी म्हणतात ती नवी वेगवान डिस्क बसवली, तिच्यावर विंडोज टाकलं आणि वहीत लिहिलेलं सगळं दोन-दोनदा बाजूला काढून ठेवलं. जुनी डिस्क फोटोंना वापरता येईल, पण तिच्यात खराब जागा किती, ते आधी बघायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर वरवरचा फॉरमॅट मारून मोकळा झाला असता. त्याने पूर्ण फॉरमॅट लावला. त्याला चार तास लागतात, आणि डिस्कवरची इंचन्‌इंच जागा कोरी होते. एजाजने आपलं काम इतकं नेटकं केलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता म्हणून काय उपयोग! दुकानातल्या टेबलावर स्पीकर जोडलेला नव्हता, त्यामुळे मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हाही त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

बुधवारी तो मशीन घेऊन गेला. काकी नुकत्याच एसटीतून उतरल्या होत्या, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. टेबलावरचा सीपीयू दिसेना म्हणून त्या काकांना काहीतरी विचारत होत्या, तेवढ्यात एजाज दारात आला. त्याला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. एजाजने वायरी लावल्या, स्पीकर लावले आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "काकी, आता बघा. तुमी बसतास न बसतास तोवर चालू जातलो."

काकी खुर्चीवर बसल्या. हात मांडीवर ठेवले. वीस सेकंदांत पडदा उजळला, फोटोंचा फोल्डर समोर आला. स्पीकर गप्प.

"बोलाक नाय," काकी म्हणाल्या.

"कोण, काकी?"

"पुष्कर. परत लाव."

एजाजने परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काकींनी त्याला सगळं सांगितलं, कुकरच्या शिट्टीसकट. त्याने काकांकडे बघितलं. काका उभे राहून खिडकीची कडी लावत होते, आणि ती कडी काही लागत नव्हती.

मशीनमधली जुनी डिस्क काढून घेऊन एजाज दुकानात आला, तो जेवायलासुद्धा घरी गेला नाही. पुसलेलं परत काढायचे जेवढे प्रोग्राम त्याला ठाऊक होते ते त्याने एकामागून एक चालवले. पूर्ण फॉरमॅटनंतर काही हाती लागत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, तरी तो चालवत राहिला. डिस्क कोल्हापूरच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवली. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "कशाला वेळ घालवतोस? कोरी आहे." एजाजने डिस्क परत मागवली आणि परत शोधायला बसला. तोपर्यंत गोष्ट बाजारात पोचली होती. दोघांनी दुरुस्तीला दिलेली मशिनं तशीच उचलून नेली. आई, खैरुन्निसा, रोज डबा घेऊन दुकानात यायची आणि तो उघडेपर्यंत समोर बसून राहायची. उघडलेला डबा बहुतेक तसाच परत जायचा. आईचा आवाज ऐकला की त्याला दुसरीच आई आठवायची.

नवव्या दिवशी दुपारी दत्तप्रसादकाका दुकानात आले. एजाज उठून उभा राहिला. आता ते काय बोलतील ते निमूट ऐकायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. काकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले.

"शोधू नको," ते म्हणाले. "माका ठावक होता."

"काय ठावक होता, काका?"

"तो आवाज त्येच्यात आसा, ह्या. म्हणानच मी वहीत लिवक नाय."

एजाजला आधी काही कळेचना. काका त्याच्याकडे न बघता बोलत राहिले. पुष्करची आई पहिल्या वर्षी सकाळी एकदाच मशीन लावायची. आवाज यायचा, ती म्हणायची, "घेतलंय रे," आणि कामाला लागायची. मग दोनदा लावायला लागली. आता वर्षभर सकाळी जी बसायची ती दुपारपर्यंत. लावायचा, बारा मिनिटं बघत बसायचं, ऐकायचं, बंद करायचा, परत लावायचा. चुलीवरची भाजी करपायची. कोणी दारात आलं तर हाताने गप्प बस म्हणून खुणावायची. अंगावर मांस राहिलं नव्हतं. "माका वाटला, आवाज गेलो की रडात, माका शिव्या घालीत, नि मगे उठात. बहिणीकडे मीच लावन दिलंय तिका. दुसऱ्या कोणाकडे दिलो असतंय तर त्येना इचारलाच नसता. तुझी वही आसा म्हणान तुझ्याकडे दिलंय. माका वाटला, लिवताना तरी माझो हात थांबात."

"थांबलो नाय," एजाज म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"नाय थांबलो." काकांनी दोन्ही हात जोडले. पासष्टीला टेकलेला माणूस, आणि एजाजपुढे हात जोडून बसलेला. "तिका सांगू नको. तिका माझ्याशिवाय कोण नाय आता. ह्या कळला तर ती माझ्या हातचा पाणीसुद्धा घेवची नाय."

एजाजला त्यांचा भयंकर राग आला. वही उचलून बाजारभर फिरवावी, सही दाखवावी, असं त्याला वाटलं. अठरा वर्षांचं नाव होतं ते. आणि त्याच वेळी समोरच्या माणसाची त्याला कीवही आली, कारण तो पुष्करचा बाप होता आणि तो आवाज त्याचाही गेला होता. त्याने शटर वर केलं आणि म्हणाला, "जावा काका. मी येतंय सांजचो."

संध्याकाळी तो गेला. काकी खुर्चीवरच होत्या. एजाज खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, डिस्क कोरी झाली, आवाज आता मिळायचा नाही, चूक माझी.

काकी पडद्यावरून त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तू वहीत लिवन घेतंस मा रे? सगळे सांगतत. ह्यांनी वहीत लिवक नाय?"

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"ह्या वेळाक वही काढुकच इसारलंय, काकी," एजाज म्हणाला. "घाईत होतंय." एवढं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि ते बोलताना त्याचा आवाज जराही कापला नाही याचंच त्याला वाईट वाटलं. काकींनी मान फिरवली. घरी आल्यावर त्याने वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

त्यानंतर दीड महिन्याने काका परत दुकानात आले. यावेळी ते आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. "येवन बघ जरा," एवढंच म्हणाले. एजाज त्यांच्या मागून गेला.

काकी टेबलाशी बसल्या होत्या, आणखी वाळलेल्या. पडदा उजळला. त्यांनी स्पीकरला कान लावला, थांबल्या, मशीन बंद केलं आणि परत बटण दाबलं. पडदा उजळला, कान लावला, बंद. एजाज दारात उभा राहून बघत होता. त्याने मोजलं नाही, पण त्याचा पाय भरून आला तोवर त्या थांबल्या नव्हत्या. काका त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "सकाळपासना."

काकींना चाहूल लागली. त्या वळल्या, आणि एजाजला वाटलं आता त्या आपल्याला हाकलून देतील. पण त्यांनी जवळचा स्टूल पुढे सरकवला.

"ये झिला, बस," त्या म्हणाल्या. "तुका मी त्या दिवशी बरा बोलाक नाय. तू काम चांगला केलंस रे. पयली एकदा आयकाचा म्हटला तर बारा मिनिटा थांबाचा लागायचा. आता नाय इलो तर लगेच परत बघूक गावता. खंयच्या तरी वेळाक येतलोच मा तो?"

एजाज स्टुलावर बसला. काकींनी बटण दाबलं आणि गप्प राहा म्हणून त्याला हाताने खूण केली.