फुल्ली-गोळ्यातलं कच्चं लिंबू

आमच्या वहिनींनी घरबसल्या प्रोग्रामिंग शिकून फुल्ली-गोळ्याचा खेळ तयार केला. समोर खेळायला कॉम्प्युटर, आणि तो कुणालाच जिंकू देईना. शेंद्र्याच्या कारखान्यात मोठमोठी मशीनं चालवणारा माझा भाऊसुद्धा हरला. मला तर वहिनींचा लई अभिमान वाटला. पण धाकटी पुतणी दोनदा हरली आणि फुरंगटून बसली.

"आई, याला कच्चं लिंबू कळत नाय का?"

तिचं खरं होतं. गल्लीत खेळताना सगळ्यात लहान पोराला आपण कच्चं लिंबू धरतो, त्याच्यावर कधी राज्य येत नाही. वहिनी हसल्या नाहीत, तिथंच कोड बदलत बसल्या. आता खेळ आधी नाव विचारायचा. पुतणीचं नाव टाकलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात लिंबू उमटायचं आणि कॉम्प्युटर एखादी चाल मुद्दाम चुकायचा. मुद्दाम हरणारं यंत्र! काय डोकं म्हणावं या बाईचं!

मग मी माझं नाव टाकलं आणि चक्क जिंकलो. घर डोक्यावर घेतलं.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "जरा कोपऱ्यात बघा."

पिवळंधमक लिंबू होतं.